पत्र कोणाच्या हाती द्यावे?

पानिपतच्या पराभवाची वार्ता देणारे ते सांकेतिक पत्र आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. मोत्ये, मोहरा आणि खुर्दा यांच्या व्यापारी भाषेत सांगितलेली ती घराघरांतल्या कर्त्या माणसांच्या मरणाची बातमी होती. जानेवारी १७६१ च्या अखेरीस नर्मदा ओलांडून भेलशाच्या बाजूस आलेल्या नानासाहेब पेशव्यांच्या हाती ते पडले आणि खचलेला तो पुरुष त्याच वर्षी पुण्यास कायमचा निवर्तला, एवढे आपण सारे जाणतो. परंतु एक गोष्ट सहसा कोणी ध्यानात घेत नाही. ते पत्र पेशव्यांना लिहिलेले नव्हतेच. एका सावकाराने आपल्या पेढीस धाडलेले ते खाजगी पत्र होते. वाटेत जासूद अडवून ते फोडण्यात आले.

राज्यावर प्रलय ओढवला असता असे करणाऱ्यास इतिहासाने दोष दिला नाही, आणि आपणही तो देऊ नये. तथापि त्या प्रसंगातून दोन गोष्टी स्वच्छ दिसतात. वाट निर्धोक नाही हे सावकार जाणत होता, म्हणूनच त्याने मजकूर झाकून लिहिला. आणि ज्याच्या हाती सत्ता असते त्याला वाटेवरचा जासूद अडवता येतो, मग तो जासूद कितीही इमानी असो. पत्र लिहिणारा, पत्र नेणारा आणि पत्र अडवू शकणारा, असा हा तिघांचा मामला फार जुना आहे. आज तो नव्या वेषात आपल्या घरांत शिरला आहे, एवढेच.

नव्या काळचे जासूद

हल्ली पत्र म्हणजे ई-मेल. तिची मोठी फुकट सोय देणाऱ्या कंपन्या सर्वांच्या परिचयाच्या आहेत. अशी ई-मेल वाटेत बहुधा झाकलेली असते. परंतु ज्या कंपनीच्या पेटीत ती जाऊन पडते, त्या कंपनीला ती पेटी उघडता येते. शिवाय आपण काय शोधतो, कोणाशी बोलतो, कोठे जातो याच्या नोंदींवर जाहिरातीचा केवढा तरी धंदा चालतो. हे न रुचणाऱ्या लोकांसाठी गेल्या दहाबारा वर्षांत वेगळ्या पेढ्या निघाल्या. पत्राला असे सांकेतिक कुलूप घालायचे की त्याची किल्ली खुद्द पेढीकडेही राहू नये, ही त्यांची रीत. २०१४ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत भेटलेल्या काही शास्त्रज्ञांनी सुरू केलेली ‘प्रोटॉन’ ही त्यांतली सर्वांत नामांकित. जर्मनीत हॅनोव्हर येथील ‘टूटा’ ही तशीच दुसरी.

यांच्या जोडीला व्ही. पी. एन. नावाची सोय आहे. तुमचे इंटरनेटवरचे जाणे-येणे एका झाकलेल्या नळीतून दुसऱ्याच शहरातल्या यंत्राकडे नेतात आणि तेथून जगात सोडतात. घरी इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला तुम्ही कोणत्या दारी गेलात ते मग दिसत नाही. परंतु नळीच्या मालकाला ते दिसू शकते! म्हणजे भरवसा ठेवण्याची गरज काही संपत नाही. एकाच्या हातून काढून ती दुसऱ्याच्या हाती दिली जाते. तेरेखोलची नदी पुलाऐवजी होडीने ओलांडली म्हणून पाणी नाहीसे होत नाही. फक्त पुलाऐवजी नावाड्यावर विसंबावे लागते, तसाच हा प्रकार.

म्हणून नावाडी कसा आहे हा प्रश्न उभा राहतो. आणि तो नावाडी आपल्याला न पटणारे काही बोलला किंवा वागला, तर नाव बदलावी काय? या प्रश्नावर अलीकडे जगभर पुष्कळ वाद झाला. आपल्यापैकी ज्यांची मुले-सुना परदेशी आहेत, त्यांच्या घरांतही तो झाला असेल.

पेडणे आणि डिचोली

हा प्रश्न गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांच्या बाजूने पाहावा असे मला वाटते. आपल्या ग्वाल्हेरकरांना ही गावे परकी नाहीत. महादजी शिंद्यांचे सेनानी जिवबादादा बक्षी हे पेडण्यातल्या केरीचे. पुढे त्या किनाऱ्यावरून कितीतरी सारस्वत कुटुंबे शिंदे-होळकरांच्या आश्रयाने इकडे आली. डिचोलीजवळच्या नार्वे येथील सप्तकोटेश्वराचे देऊळ शिवछत्रपतींनी १६६८ साली पुन्हा उभारविले. डिचोली १७८१ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ साली पोर्तुगीजांकडे गेले. ‘नव्या काबिजादी’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या मुलखात घरची बोली कोंकणी असली तरी देवळातले कीर्तन, जमाखर्च आणि पत्रव्यवहार मराठीच राहिला. केरीहून शिंदेशाहीच्या छावणीत पत्र यायचे तर ते किती हद्दी ओलांडून, किती चौक्यांवरून यावे लागे, याची कल्पनाच केलेली बरी.

परंतु खरे कारण याहून जवळचे आहे. पत्रावर, छापील कागदावर आणि बोललेल्या शब्दावर राज्यसत्तेची नजर असणे म्हणजे काय, हे ज्यांनी अनुभवले अशी माणसे या दोन तालुक्यांत अजून हयात आहेत. सालाझारच्या अमदानीत गोव्यातले वृत्तपत्र सेन्सॉरच्या शिक्क्याशिवाय निघत नसे. एवढेच नव्हे, तर लग्नाची निमंत्रणपत्रिकाही छापण्यापूर्वी सेन्सॉरपुढे ठेवावी लागे. आपल्या घरी मुलीचे लग्न निघाले आहे. कुलदेवतेचे नाव, वडीलधाऱ्यांची नावे, मुहूर्ताची घटका हे सारे कोणा अंमलदाराच्या टेबलावर जाऊन मंजूर होऊन येते, हे चित्र डोळ्यांपुढे आणावे. त्या पत्रिकेत राज्य उलथण्यासारखे काय असणार? परंतु नजर एकदा ठेवायची ठरली की तिला लहानमोठे कळत नाही.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी पेडण्याच्या वेशीवर, पत्रादेवी येथे, निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर सीमा आवळली गेली आणि आतल्या लोकांना बाहेरची खरी बातमी मिळणे दुरापास्त झाले. तेव्हा २५ नोव्हेंबर १९५५ पासून आंबोलीच्या रानातून एक गुप्त नभोवाणी बोलू लागली. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो या दोघांनी ती पुढे कॅसलरॉकच्या जंगलातून १९६१ च्या डिसेंबरपर्यंत, म्हणजे गोवा मुक्त होईपर्यंत चालविली. तिच्यासाठी वापरलेली यंत्रे १९५४ साली दादरा-नगरहवेलीच्या मुक्तिसंग्रामात पोर्तुगीजांकडूनच हाती आलेली होती. लिबियाबाईंना वयाच्या शंभराव्या वर्षी, २०२५ साली, पद्मश्री जाहीर झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी मुंबईस इटालियन युद्धकैद्यांची पत्रे तपासणाऱ्या खात्यात काही काळ काम केले होते. दुसऱ्याचे पत्र वाचणे म्हणजे काय, हे आतून पाहिलेली बाई पुढे न अडवता येणाऱ्या शब्दाची वाहक झाली.

त्या यंत्रांचे मूळ मालक कोण होते, त्यांची मते काय होती, हे त्या जंगलात कोणी विचारले नसेल. विचारण्याजोगे प्रश्न निराळे होते. यंत्र कोणाच्या ताब्यात आहे? त्यावरून जाणारा शब्द कोणाला बदलता येईल काय? आणि पकडले गेलो तर कोणाकोणाची नावे उघडी पडतील? या मुलखाचा अनुभव आपल्याला हे तीन प्रश्न देतो. ते हाताशी ठेवून आजच्या वादाकडे वळू.

एका वाक्याचा वाद

डिसेंबर २०२४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी अमेरिकेच्या न्यायखात्यातील मक्तेदारीविरोधी विभागासाठी गेल स्लेटर या कायदेपंडित बाईंचे नाव जाहीर केले. प्रोटॉनचे प्रमुख अँडी येन यांनी या निवडीचे उघड स्वागत केले. लहान माणसाची बाजू पूर्वी डेमोक्रॅट घेत, आता पारडे फिरले आहे, अशा अर्थाची पुस्तीही त्यांनी जोडली. मोठ्या कंपन्यांच्या मक्तेदारीशी प्रोटॉन पूर्वीपासून झगडत आली असल्यामुळे स्वागताचे कारण समजण्यासारखे होते. परंतु जानेवारी २०२५ मध्ये हे बोलणे सर्वत्र पसरले आणि गिऱ्हाइके बिथरली. कंपनीच्या अधिकृत खात्यावरून प्रमुखांची पाठराखण करणारा मजकूर आला, मग तो काढून टाकण्यात आला, आणि कंपनी राजकारणात तटस्थ आहे असा खुलासा झाला. ज्यांनी राज्यसत्तेच्या भयानेच या पेढीचा आश्रय घेतला होता, त्यांपैकी पुष्कळांना हा खुलासा पुरेसा वाटला नाही. त्यांनी खाती बंद केली.

त्यांना हसण्याचे कारण नाही. आपल्याकडे १९०५ साली विलायती कापडाच्या होळ्या झाल्या, तेव्हा त्या कापडाचे सूत वाईट होते म्हणून नव्हे. आपला पैसा कोणाच्या हाती जातो याचा तो विचार होता. पैसा हेही एक मत असते. महिन्याकाठी आपण ज्याला वर्गणी देतो, त्याच्या आवाजाला आपण बळ देतो, ही भावना खोटी नव्हे.

परंतु त्याच पेढीच्या इतिहासात याहून वजनदार गोष्टी घडल्या आहेत, आणि त्यांच्यावर इतका गदारोळ झाला नाही, याचे नवल वाटते. २०२१ साली पॅरिसमधल्या हवामान-चळवळीतल्या तरुणांचा फ्रेंच पोलिसांना शोध हवा होता. स्विस अधिकाऱ्यांच्या हुकमावरून प्रोटॉनने त्या खात्याचा आय. पी. पत्ता, म्हणजे ते खाते कोणत्या जोडणीवरून उघडले जाते त्याचा माग, नोंदवून दिला. पत्रांतला मजकूर दिला नाही; तो देणे तिला शक्यच नव्हते. पण असा माग आपण साधारणतः ठेवत नाही असे तिच्या जाहिरातीत लिहिलेले होते, आणि त्या प्रकरणानंतर ते शब्द बदलण्यात आले. २०२४ साली कॅटलोनियातल्या एका चळवळ्याच्या प्रकरणात, पासवर्ड विसरल्यास उपयोगी पडावा म्हणून त्याने दिलेला दुसरा ई-मेल पत्ता स्पॅनिश पोलिसांपर्यंत पोचला. तो दुसरा पत्ता ज्या कंपनीचा होता तिच्याकडून पुढे माणसाची ओळख मिळाली. कुलूप कोणी फोडले नाही. पण घराचा नकाशा दाराबाहेर ठेवलेला होता, त्याला काय करावे!

मालकाचे एक वाक्य आणि हे दोन प्रसंग यांत कोणते जड? पहिल्याने मन दुखावते. दुसऱ्यांत माणूस पकडला जातो.

अब्रूचे नाव आणि अब्रूचे काम

दुसरी पेढी शोधायची तर तिचेही पुस्तक उघडून पाहावे लागते. स्वित्झर्लंड म्हणजे गुप्ततेचे माहेरघर, ही समजूत आपल्याकडे बँकांमुळे रुजली. परंतु त्याच देशातली ‘क्रिप्टो एजी’ ही कंपनी शंभरावर देशांच्या सरकारांना सांकेतिक लेखनाची यंत्रे विकीत होती. आपला देशही तिच्या गिऱ्हाइकांत होता. १९७० पासून ती छुपेपणाने अमेरिकेच्या आणि जर्मनीच्या हेरखात्यांच्या मालकीची होती, हे २०२० साली उजेडात आले. देशाच्या नावावर भरवसा ठेवण्याचे हे फळ. खुद्द प्रोटॉननेही, पाळतीचे नवे नियम येऊ घातल्यामुळे आपली काही यंत्रसामग्री स्वित्झर्लंडबाहेर नेत असल्याचे २०२५ मध्ये सांगितले आहे.

जर्मनीच्या टूटालाही, तेव्हा ‘टूटानोटा’ असे नाव असताना, एका खात्यात येणारी साधी, कुलूप नसलेली पत्रे पोलिसांना दाखविण्याची सोय करावी असा आदेश २०२० मध्ये कोलोनच्या न्यायालयाने दिला होता. व्ही. पी. एन. च्या बाजारात तर आणखी गोंधळ आहे. २०२१ साली ‘एक्सप्रेसव्हीपीएन’ ही प्रसिद्ध सेवा ‘केप टेक्नॉलॉजीज’ या कंपनीने सुमारे ९३ कोटी ६० लाख डॉलरना विकत घेतली. ही केप पूर्वी ‘क्रॉसरायडर’ नावाने ओळखली जाई, आणि लोकांच्या संगणकांत नको त्या जाहिराती घुसविणाऱ्यांनी तिची साधने वापरल्याची बदनामी तिच्या नावावर होती. त्याच वर्षी एक्सप्रेसव्हीपीएनचे एक वरिष्ठ अधिकारी पूर्वी संयुक्त अरब अमिरातींसाठी पाळतीचे काम करीत असल्याचे अमेरिकेच्या न्यायखात्याच्या कारवाईतून बाहेर आले. आणखी मौज अशी की कोणती व्ही. पी. एन. चांगली हे सांगणाऱ्या काही संकेतस्थळांची मालकीही केपकडेच आली होती. वराचा मामाच वधूपक्षाकडे जाऊन स्थळाची चौकशी सांगू लागला, तर ती कशी ऐकावी?

याच्या उलट दोन उदाहरणे सांगतो. अमेरिकेत टेक्ससमध्ये ‘लाव्हाबिट’ नावाची छोटी ई-मेल सेवा होती. एडवर्ड स्नोडेन तिचे गिऱ्हाईक. २०१३ साली सरकारने तिच्याकडे अशी किल्ली मागितली की जिने सगळ्याच गिऱ्हाइकांचा व्यवहार उघडा पडला असता. मालक लाडर लेव्हिसन यांनी प्रथम ती किल्ली वाचता येऊ नये इतक्या बारीक अक्षरांत अकरा पानांवर छापून दिली, आणि शेवटी त्या ऑगस्टमध्ये आपला चालता धंदाच बंद केला. दुसरे उदाहरण स्वीडनमधल्या ‘मुलवाड’ या व्ही. पी. एन. चे. ती गिऱ्हाइकाचे नाव विचारत नाही. एक आकडा देते. महिन्याचे पाच युरो पाकिटात घालून टपालाने पाठविले तरी चालतात. एप्रिल २०२३ मध्ये सहा पोलीस झडतीचे वॉरंट घेऊन तिच्या कचेरीत आले आणि रिकाम्या हातांनी परत गेले. तेथे नेण्यासारखी नोंदच नव्हती.

या दोन कथांत एक फरक आहे आणि तो विसरू नये. लाव्हाबिटच्या मालकाने शौर्य दाखविले, कारण त्याच्यापाशी देण्यासारखी किल्ली होती. मुलवाडला शौर्याची गरजच पडली नाही. वाहक शूर असावा हे उत्तम. पण शौर्य कसाला लागणार नाही अशी व्यवस्था त्याने आधीच केलेली असावी, हे त्याहून उत्तम.

आपल्या घरचा कायदा

हे सगळे परदेशातले, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. तर आपल्याही देशात टपाल अडविण्याचा अधिकार सरकारला इंग्रजी अमलापासून आहे. १८९८ च्या टपाल कायद्यात तो होता. त्याच्या जागी आलेल्या २०२३ च्या कायद्यातही आहे. १९८६ साली संसदेने हा अधिकार वाढविणारे विधेयक मंजूर केले, तेव्हा राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सहीच केली नाही. ना मंजूर, ना नामंजूर. ते तसेच पडून राहिले आणि पुढे मागे घेण्यात आले. एका सामान्य पोस्टकार्डाच्या अब्रूसाठी राष्ट्रपतिभवनातून उचललेले हे पाऊल आज फारसे कोणाला आठवत नाही. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला.

दुसऱ्या बाजूस, २८ एप्रिल २०२२ च्या एका सरकारी निदेशाने व्ही. पी. एन. कंपन्यांना गिऱ्हाइकाचे नाव, पत्ता आणि वापराचे कारण पाच वर्षे नोंदवून ठेवण्यास सांगितले. त्यावर एक्सप्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन, सर्फशार्क, आणि सप्टेंबरात प्रोटॉन यांनी आपली यंत्रे भारतातून हलविली. २९ एप्रिल २०२५ रोजी तर कर्नाटक उच्च न्यायालयाने प्रोटॉन मेल बंद करण्याची कारवाई करावी असा आदेश केंद्र सरकारला दिला. एका कंपनीतल्या स्त्री-कर्मचाऱ्यांविषयी अश्लील ई-मेल या सेवेवरून कोणी पाठवीत होते आणि त्याचा माग लागत नव्हता, ही फिर्याद होती. हा भाग सोयीस्करपणे वगळून चालणार नाही. ज्या अंधारात सज्जन आपले पत्र लिहितो, त्याच अंधारात दुर्जनही लिहितो. त्या स्त्रियांचीही अब्रूच पणाला लागली होती.

मग करावे काय?

समजा, डिचोली तालुक्यातल्या एखाद्या गावी एक निवृत्त मास्तर आहेत. खाणीचा प्रश्न तेथे रोजच्या जेवणाचा प्रश्न आहे. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या, पुढे सुरू झाल्या, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्टे रद्द केले. कोणाची रोजी गेली, कोणाच्या विहिरीचे पाणी. मास्तर माहितीच्या अधिकारात अर्ज करतात, कागद जमवितात, ते वकिलाला आणि शेजारच्या गावांतल्या लोकांना पाठवितात. त्यांचे खाते प्रोटॉनचे आहे. पुतण्या लंडनहून कळवितो, “काका, त्या माणसाने असे असे म्हटले आहे. तुम्ही ते खाते आजच सोडा.” मास्तर काय करतील?

माझे मत असे की त्यांनी घाई करू नये. मालकाचे मत हे बदलण्याचे पहिले कारण नव्हे. त्याने पत्राशी काय केले हे पहिले कारण. वर सांगितलेले तीन प्रश्न त्यांनी विचारावेत. माझ्या पत्राचा ताबा कोणाकडे आहे, म्हणजे किल्ली पेढीकडे आहे की फक्त माझ्याकडे? पेढी मजकुरात किंवा आपल्या शब्दांत माझ्या नकळत फेरफार करू शकते काय, की तिचे काम बाहेरच्या जाणत्यांना तपासता येते? आणि ती उद्या अडविली गेली तर कोणाकोणाची नावे बाहेर येतील? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा मास्तरांच्याच हाती असते. त्यांनी खात्याला आपला जुना फोन नंबर किंवा फुकट ई-मेल पत्ता जोडला असेल, तर पेढी बदलून उपयोग नाही. शिवाय ते ज्यांना पत्रे पाठवितात त्या वकिलाची आणि शेजाऱ्यांची खाती साधी फुकटची असतील, तर पत्राची दुसरी प्रत तेथे उघडीच पडलेली आहे. प्रोटॉनमध्ये पत्राच्या विषयाची ओळ पूर्ण कुलपात नसते, हेही त्यांना ठाऊक असावे. एकट्याने दार लावून वाड्याला कडी लागत नाही. समोरच्यानेही आपली लावायला हवी.

पण पुतण्याचे म्हणणे अगदीच फोल नाही, आणि येथे मी त्याच्या बाजूने एक पाऊल येईन. वाहकाचे मत हे कधी कधी त्याच्या पुढच्या वागण्याची चाहूल असते. जो एखाद्या सत्तेची मर्जी राखू पाहतो, तो तिच्या मागणीपुढे उद्या किती ताठ उभा राहील? ही शंका रास्त आहे. प्रोटॉनची मुख्य भागधारक २०२४ पासून एक ना-नफा संस्था आहे आणि तिच्या विश्वस्तांत वेब या शोधाचे जनक टिम बर्नर्स-ली यांचे नाव आहे. म्हणजे एका माणसाची लहर तेथे सर्वस्वी चालू नये अशी योजना कागदावर तरी आहे. तरीही ज्याचे मन उठले, त्याने जावे. मात्र रागाने बाहेर पडून समोर दिसेल त्या दुकानात शिरू नये. एका वाक्यासाठी प्रोटॉन सोडून जुन्या फुकट पेटीत परत जाणे म्हणजे पुजाऱ्याशी भांडून देवळाचे दागिने रस्त्यावर ठेवण्यासारखे आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. वाहक बदलता येणे हेच गिऱ्हाइकाचे खरे बळ. वर्षाकाठी थोडी रक्कम भरून स्वतःच्या नावाचा पत्ता, म्हणजे डोमेन, घेता येते. मग पेढी कोणतीही असो, पत्ता आपला राहतो. उद्या पेढी बदलली तरी शेजाऱ्यापाजाऱ्यांना, बँकेला, वकिलाला नवा पत्ता कळवीत बसावे लागत नाही. जुन्या पत्रांची प्रत आपल्याजवळ उतरवून ठेवावी. पत्राची पेढी एक आणि व्ही. पी. एन. ची दुसरी ठेवावी, म्हणजे कोणा एकाच नावाड्याच्या हाती दोन्ही काठ जात नाहीत. एवढे ज्याने केले त्याला वाहकाचा अपमान सहन करीत राहण्याची गरज नाही, आणि घाबरून पळण्याचीही नाही. आणि ज्या दिवशी वाहक पत्राविषयी खोटे बोललेला आढळेल, त्या दिवशी त्याची मते आपल्याशी कितीही जुळणारी असली तरी दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

पेडण्याच्या किनाऱ्यावर हरमल-मांद्र्याला आज जगभरचे तरुण संगणक मांडून बसतात. मोप्याला जानेवारी २०२३ पासून विमाने उतरतात. जेथे एकेकाळी लग्नपत्रिका सेन्सॉरकडे जात असे, तेथून आता क्षणात लंडनला पत्र जाते. परंतु पत्र वेगाने जाणे आणि निर्धास्त जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेथल्या म्हाताऱ्या माणसांना कोणी शिकवावे लागत नाही. आपल्या घरच्या म्हाताऱ्यांनाही ते ठाऊक असते. ‘पत्र देवघराच्या फळीवर ठेव, कोणाला दाखवू नको’ असे सांगणारी आजी आपण सर्वांनी पाहिलेली आहे. कोणाच्या हाती पत्र द्यायचे याचा विचार तिच्या वेळी घरातली कर्ती माणसे करीत. आता तो ज्याचा त्याने करायचा आहे. पुढच्या वेळी नातवाने “आजोबा, हे खाते बदलू या” म्हटले, तर त्याला नाही म्हणू नये आणि लगेच होही म्हणू नये. आधी त्याला जवळ बसवून विचारावे, “किल्ली कोणाकडे आहे रे?”